परड्यात रात्री कोण येऊन गेलं? ठसे, लेंड्या आणि बिळांवरून लहान रानप्राणी ओळखण्याची रीत

"मांजरासारखं कायतरी गेलं बघा," असं कोणी सांगितलं, तर बेळगाव-खानापूर भागात त्याचे निदान पाच अर्थ होतात. ते भटकं घरमांजर असेल, बाऊल म्हणजे रानमांजर असेल, वाघाटी असेल, उदमांजर असेल नाहीतर जवादी मांजर. यातली शेवटची दोन मांजराच्या कुळातली नव्हेतच. खवले मांजर तर त्याहूनही लांबचं. ते मुंग्या-वाळवी खाणारं, तोंडात एकही दात नसलेलं जनावर. त्याच खवले मांजराला कन्नडमध्ये चिप्पुहंदी म्हणतात आणि साळिंदराला मुळ्ळुहंदी. हंदी म्हणजे डुक्कर. मराठीत जे मांजर ते कन्नडमध्ये डुक्कर, आणि प्रत्यक्षात दोन्हीही नाही. सीमाभागात नुसत्या नावावर विसंबलं की घोटाळा होतो तो असा.

म्हणून नाव शेवटी. आधी पुरावे गोळा करायचे: ठसा, लेंडी, शेपटी, बीळ, खाल्लेल्याचा उरलेला भाग, येण्याची वेळ. यातल्या निदान दोन गोष्टी एकाच प्राण्याकडे बोट दाखवत असतील तरच नाव घ्यावं. एकाच खुणेवर ठरवलेलं नाव बऱ्याचदा चुकतं, आणि ती चूक जनावराच्या जिवावर बेतते. उसात सापडलेली रानमांजराची पिल्लं "बिबट्याची" ठरतात ती अशाच घाईने.

कधी आणि कुठे बघायचं

कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस ठसे टिकू देत नाही. तिकडे जून ते सप्टेंबर पावलांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. त्या दिवसांत छपराखाली, माळ्यावर आणि गोठ्यात बघावं. खरा हंगाम सुगीपासून सुरू होतो. भात कापलं की शिवारातले उंदीर मळणीच्या जागेकडे, गंजीकडे आणि घराकडे सरकतात. त्यांच्या मागोमाग मुंगूस, बाऊल आणि जवादी मांजर येतं. निपाणी, चिक्कोडी, अथणीकडे हेच ऊसतोडीबरोबर घडतं. फड मोकळा झाला की आतली जनावरं बांधावर, ओढ्याकाठच्या झुडपात आणि वस्तीजवळ येतात. फेब्रुवारीनंतर काजूची बोंडं, मग फणस, आंबा, जांभूळ पिकत जातात आणि उदमांजराचा वावर झाडाखाली दिसू लागतो. एप्रिल-मे मध्ये पाणी आटल्यावर जनावरांच्या डोणीभोवतीचा ओला चिखल रोज सकाळी वाचण्यासारखा असतो.

जमिनीचाही विचार करावा लागतो. खानापूरच्या जांभ्यावर ठसा उमटतच नाही. चिक्कोडी-अथणीच्या काळ्या रानात ओल असेल तर पाय रुततो आणि ठसा मोठा दिसतो. वाळली की भेगा पडतात आणि कडा फाटतात. त्यामुळे दोन्हीकडे आपणच ठसा घेणारी जागा तयार करणं बरं.

राखेचा पट्टा कसा करायचा

चुलीची पूर्ण गार झालेली लाकडाची राख घ्या. गुऱ्हाळाजवळ राहत असाल तर तिथली चालेल. तेवढीच बारीक माती घ्या आणि दोन्ही पिठाच्या चाळणीतून चाळून एकत्र करा. नुसती राख वाऱ्याने उडते, नुसती माती दवाने चिकटते. निम्मं-निम्मं चांगलं बसतं. साधारण दीड फूट रुंद आणि तीन फूट लांब जागा झाडून सपाट करा. त्यावर अर्ध्या ते पाऊण सेंटिमीटर जाडीचा थर पसरा आणि सरळ फळीच्या कडेने ओढून गुळगुळीत करा. जाड थर घातला तर पाय खाली जातो, कडा ढासळतात आणि बोटं एकमेकांत मिसळतात. नवख्यांची सगळ्यात मोठी चूक हीच.

मग स्वतःची चार बोटं हलकेच दाबून बघा. बोटांवरच्या रेघा उमटल्या तर पट्टा तयार. कडा लगेच गळाल्या तर फार कोरडा आहे. झाडू ओला करून वरून एकदा झटका. राख बोटाला चिकटली तर फार ओला आहे. थोडी सुकी राख चाळून घाला.

पट्टा उघड्या अंगणाच्या मधोमध घालू नका. लहान जनावरं मोकळ्यावरून क्वचितच जातात. ती भिंतीच्या, बांधाच्या, वईच्या म्हणजे कुंपणाच्या कडेने जातात. वईतलं भगदाड, मोरीचं तोंड, गंजी आणि भिंतीमधली बोळ, फणसाचा बुंधा, ओहोळावर टाकलेली फळी, पाणंदीला मिळणारी पायवाट या जागा घ्या. एकापेक्षा दोन-तीन पट्टे वेगवेगळ्या जागी बरे. रात्री जेवणं झाल्यावर, माणसांची ये-जा थांबली की पट्टा सारखा करा आणि सूर्य उगवण्याआधी, कोंबड्या सोडण्याआधी बघा. एकदा कोंबडी फिरली की सगळं संपलं. थंडीत दव फार पडत असेल तर पट्टा वळचणीखाली घ्या, नाहीतर सकाळी वर पापुद्रा धरतो आणि नखांच्या खुणा बुजतात.

पट्ट्यावर खाऊ ठेवू नका. शिळा भात, सुकी मासळी ठेवली की पहिल्यांदा उंदीर आणि गावकुत्री येतात, मग उंदरामागे साप येतो. शिवाय जनावर खायला थांबलं की ठशांवर ठसे पडतात आणि काही कळत नाही.

फोटो घेताना वरून फ्लॅश मारू नका. ठसा सपाट दिसतो. सकाळचं तिरपं ऊन असेल तेव्हा, किंवा बॅटरी जमिनीलगत आडवी धरून घ्या. शेजारी मोजपट्टी ठेवा. ती नसेल तर दहा रुपयांचं नाणं चालतं. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. एक फोटो अगदी वरून आणि एक पूर्ण चालीचा, म्हणजे चार-पाच पावलं दिसतील असा.

चिखलातला चांगला ठसा जपायचा असेल तर प्लास्टर ऑफ पॅरिस वापरा. ठशाभोवती पाण्याच्या बाटलीची दोन इंच उंचीची कापलेली कडी रोवा. एक माप पाण्यात दोन मापं प्लास्टर हळूहळू सोडा. उलट करू नका. प्लास्टरमध्ये पाणी ओतलं तर गुठळ्या होतात. बुडबुडे येऊ न देता ढवळून ठशाच्या बाजूने ओता, थेट वरून नाही. अर्ध्या तासाने उचला आणि धुणं दुसऱ्या दिवशी. पावसाळ्यात उघडं राहिलेलं प्लास्टर ओल धरतं आणि कितीही वेळ ठेवलं तरी घट्ट होत नाही. घेताना बंद पिशवी बघून घ्या. राखेतल्या ठशाचा साचा निघत नाही, तो प्रयत्न करू नका.

बोटं मोजा

चार बोटं, नखं दिसत नाहीत, ठसा गोलसर: मांजर. घरमांजर की बाऊल हे आकारावरून ठरवणं अवघड आहे. बाऊलचा ठसा थोडा मोठा आणि पाऊल लांब पडतं, पण मोठा बोका फसवतो. चार बोटं, पुढे नखांची टोकं, ठसा लांबट: कुत्रा किंवा कोल्हा. पाच बोटं आणि तळव्याचा मोठा भाग उमटलेला: उदमांजर. पाच बोटं, पुढच्या पायाची नखं लांब आणि बोटांपासून सुटी पडलेली, ठसा लहान: मुंगूस. मुंगसाचं आतलं बोट बारीक असतं आणि कित्येकदा उमटत नाही. म्हणून एकच ठसा बघून "चारच बोटं" म्हणू नका, निदान तीन ठसे मोजा.

उंदीर आणि चिचुंद्री यांतला फरक इथे पक्का कळतो. उंदीर, घूस, खार यांच्या पुढच्या पायाला चार बोटं उमटतात आणि मागच्याला पाच. चिचुंद्रीच्या चारही पायांना पाच. चिचुंद्री उंदराच्या कुळातली नाही, ती किडे खाणारी आहे. झुरळं, नाकतोडे, अळ्या हे तिचं अन्न. लांब हलतं नाक, मोहरीएवढे डोळे, भिंतीच्या कडेने धावणं आणि उग्र कस्तुरीसारखा वास. पिल्लं आईच्या आणि एकमेकांच्या शेपटीकडचा भाग तोंडात धरून रांगेने चालतात; लांबून ते सापासारखं दिसतं. उंदराच्या औषधाने ती मरते आणि घरातली झुरळं वाढतात. तिला मारायचं काहीच कारण नाही.

सशाच्या तळव्यावर दाट केस असतात, म्हणून बोटं उमटत नाहीत. त्याची ओळख पावलांच्या मांडणीवर. पुढचे दोन पाय एकामागे एक, त्यांच्या पुढे मागचे दोन लांबट पाय शेजारी-शेजारी. खारीच्या उडीत पुढचे दोन्ही पाय शेजारी पडतात. साळिंदराचा ठसा रुंद, तळवा पूर्ण टेकलेला आणि मागे काट्यांनी ओढलेल्या बारीक रेघा. त्या रेघा दिसल्या की दुसरं काही शोधायला नको.

लेंड्या काय सांगतात

हात लावू नका. दोन काड्या वापरा, नाका-तोंडाला कापड बांधा, नंतर साबणाने हात धुवा. माळ्यावरची कोरडी लेंडी झाडू मारून उडवू नका. आधी पाणी शिंपडा. वटवाघळांच्या आणि उंदरांच्या विष्ठेची धूळ फुप्फुसात जाणं धोक्याचं आहे.

छपराखाली सापडलेली बारीक काळी लेंडी तिघांची असू शकते. टोकाला पांढरा ठिपका असेल तर पालीची. काडीने दाबल्यावर भुगा झाला आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चमकणारे तुकडे दिसले तर किडे खाणाऱ्या वटवाघळाची. दाबली तरी फुटत नाही, कडक आहे, तर उंदराची. घरातल्या लहान उंदराची तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान, मोठ्या उंदराची सेंटिमीटरभर किंवा थोडी जास्त, घुशीची त्याहून जाड.

उदमांजराची खूण सगळ्यात सोपी आणि सगळ्यात मजेची. ते विष्ठेसाठी उंचावर बसतं: कौलावर, भिंतीच्या माथ्यावर, दगडावर, पडलेल्या ओंडक्यावर. विष्ठेत आख्ख्या बिया असतात, जांभळाच्या, शिंदीच्या, उंबराच्या, हंगाम असेल तशा. एकाच जागी पुन्हा पुन्हा येतं, म्हणून बियांचा लहानसा ढीग होतो. त्या बिया उगवतात. कौलाच्या पन्हळीत रुजलेलं उंबराचं रोप कधी पक्ष्याचं असतं, तर कधी याचं.

मुंगसाची आणि बाऊलची विष्ठा केसांनी भरलेली असते. मुंगसाच्यात किड्यांचे पाय, सरड्याचे खवले, खेकड्याच्या कवचाचे तुकडेही मिळतात. टोकं पिळलेली असतात. सशाच्या लेंड्या गोल, किंचित चपट्या, फोडल्या तर आत फक्त गवताचा भुसा. शेळीची लेंडी काळी आणि लांबट, सशाची फिकट. बांधावर हाच गोंधळ जास्त होतो.

झाडाखाली चोथा पडला असेल तर वर बघा. पेरू, केळी, जांभूळ चावून रस गिळायचा आणि चोथ्याची गोळी थुंकायची ही फळं खाणाऱ्या वटवाघळांची सवय.

बिळं

बिळात हात घालू नका, काठीही खुपसू नका. उंदराच्या बिळात नाग किंवा मण्यार राहते, आणि जांभ्याच्या दगडी गडग्यात फुरसं असतं. बीळ चालू आहे का हे बघायला संध्याकाळी तोंडावर दोन-तीन सुक्या काड्या आडव्या टेकवा किंवा तोंडासमोर मूठभर राख पसरा.

घुशीच्या बिळासमोर मोकळ्या मातीचा ढीग असतो आणि तोंड बऱ्याचदा आतून मातीने बुजवलेलं असतं. भाताच्या बांधावरच्या घुशी लोंब्या आत साठवतात, म्हणून सुगीत बीळ वाढतं. घोरपडीचं तोंड अर्धचंद्रासारखं, खाली सपाट आणि वर गोल. साळिंदराचं बीळ मोठं, समोर काटे आणि कधीकधी कुरतडलेली हाडं. ससा बीळ करत नाही. गवतात अंगाच्या आकाराचा खळगा करून बसतो. उघडलेलं वारूळ दिसलं, त्यात खोल सरळ खोदलेला भोक, नखांच्या जाड खुणा, तर खवले मांजराची शक्यता आहे. मात्र तेवढ्यावर नाव ठरवू नका, आणि जागा कोणालाही सांगू नका. खवल्यांच्या व्यापाऱ्यांपर्यंत बातमी पोचायला एक व्हॉट्सअॅप ग्रुप पुरतो.

बॅटरी आणि कॅमेरा

बॅटरी कमरेपाशी धरली तर डोळे चमकत नाहीत. ती कपाळाशेजारी, आपल्या नजरेच्या रेषेत धरा, म्हणजे प्रकाश जनावराच्या डोळ्यातून परतून आपल्याकडे येतो. काचेवर लाल जिलेटिन कागद रबराने बांधा. दोन-तीन सेकंद बघा आणि प्रकाश बाजूला घ्या. फणसावर उंच, तांबूस-नारिंगी आणि सावकाश हलणारे डोळे बहुतेक उदमांजराचे. जमिनीलगत हिरवट-पिवळे, एकटक बघणारे मांजराचे. पाणंदीच्या मधोमध बसलेला लाल ठिपका पुष्कळदा रातवा पक्षी असतो. गवतातले शेकडो पांढरे-निळसर बिंदू कोळ्यांचे. कोन बदलला की रंग बदलतो, आणि लाल कागदातून सगळेच लालसर दिसतात, म्हणून डोळ्याच्या रंगावर नाव देऊ नका; उंची, दोन डोळ्यांमधलं अंतर आणि चाल बघा. पायात बूट असूद्यात.

आपोआप फोटो काढणारा कॅमेरा असेल तर तो जमिनीपासून एक फूट उंचीवर, वाटेपासून पाच-सहा फूट, तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला करून बांधा. पूर्व-पश्चिम ठेवला तर ऊन भिंगात येतं. समोरचं गवत उपटा, नाहीतर रात्रभर हलणाऱ्या पात्याचेच फोटो मिळतात. जवळून जनावर पांढरंफटक दिसत असेल तर दिव्यांच्या काही भागावर कागदी चिकटपट्टी लावा. बायकांच्या जाण्यायेण्याच्या, नळाच्या, न्हाणीच्या बाजूला कॅमेरा लावू नका आणि शेजाऱ्याच्या हद्दीकडे तोंड असेल तर त्याला आधी सांगा. राखीव जंगलात किंवा भीमगड अभयारण्यात परवानगीशिवाय असं काही करू नये.

दिसलंच तर

मुंगूस दिवसा फिरतं, त्यामुळे ते नीट बघता येतं. शेपटीचं टोक बघा. टोक काळं नाही आणि अंग करडं: नेहमीचं मुंगूस. टोक काळं, चालताना वर वळलेलं आणि अंग तांबूस: तांबडं मुंगूस. घाटाकडे, ओढ्याकाठी, अंगाने थोराड आणि मानेच्या बाजूला काळा पट्टा: पट्टेरी मानेचं मुंगूस.

खारीच्या पाठीवरचे पट्टे मोजायचे तर बाजूनेही बघा. पाच पट्ट्यांच्या खारीचे कडेचे दोन फिकट असतात आणि वरून तीनच वाटतात. दाट रानालगतची खार गडद आणि तिचे पट्टे अरुंद असतात. शेकरू हेम्माडगा-लोंढ्याकडे घराजवळच्या उंच झाडांवरही येतं; तांबूस पाठ, फिकट पोट आणि अंगाहून लांब झुपकेदार शेपटी, चूक होणं कठीण.

माळ्यावर रात्री माणूस चालल्यासारखा आवाज आणि कौलं सरकलेली असतील तर बहुतेक उदमांजर. तोंडावर गडद मुखवटा, शेपटी लांब आणि काळपट, तिच्यावर वलयं नाहीत. अंगाचा वास सुवासिक तांदूळ शिजल्यासारखा; बेळगावच्या बासमतीच्या मुलखात हे वेगळं सांगायला नको. जवादी मांजर जमिनीवरचं. त्याच्या अंगावर ठिपक्यांच्या रांगा आणि शेपटीवर स्पष्ट वलयं असतात. उदमांजराला घालवायचं असेल तर पिल्लं नाहीत याची खात्री करून, ते रात्री बाहेर पडल्यावर भोक जाळीने बंद करा. दिवसा बंद केलंत तर ते आत अडकून मरतं.

बाऊलचे पाय लांब, अंग भुरं, ठिपके नाहीत, शेपटी आखूड आणि टोकाशी काळी वलयं, कानाच्या टोकाला केसांचा लहान झुपका. वाघाटी घरमांजरापेक्षाही लहान, अंगावर तांबूस ठिपके. ऊसतोडीत पिल्लं सापडली की शेपटी आणि पंजा बघा. बिबट्याच्या पिल्लाची शेपटी लांब आणि पंजे अंगाच्या मानाने जाड, ठिपके दाट. काहीही असो, पिल्लं उचलू नका, दूध पाजू नका. त्या कोपऱ्यातली तोड थांबवा, कुत्री लांब बांधा, वनखात्याला कळवा. आई रात्री परत येऊन नेते. माणसांचा गराडा राहिला तर येत नाही.

वटवाघळांबद्दल एक गोष्ट या भागातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलातल्या बारापेडे गुहांमध्ये राहणारं रॉटनचं वटवाघूळ शास्त्राला पहिल्यांदा इथूनच कळलं, आणि १९१३ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. पुढे कित्येक दशकं ते जगात फक्त या गुहांमध्येच आहे असं मानलं जाई. नंतर मेघालयात आणि कंबोडियातही मिळालं. मोठे कान, गळ्याभोवती फिकट पट्टा. गुहेत जाऊन त्याला त्रास देऊ नये.

चावा, ताप आणि कळवणं

कोणत्याही रानप्राण्याने चावलं किंवा ओरबाडलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस घ्या. हळद, चुना, तंबाखू लावू नका. रानातून आल्यावर अंगावर गोचिडी बघा. शेजारच्या दोडामार्ग आणि सत्तरी भागात गोचिडीमुळे होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत. भातखाचरात पायाला जखम असेल तर उंदरांच्या मुतापासून होणाऱ्या लेप्टो या तापाची भीती असते.

यातले बरेच प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. साळिंदराचा काटा, खवले मांजराचे खवले, मुंगसाच्या केसांचा ब्रश घरात ठेवू नका. वनखात्याला फोन करताना कन्नड नाव सांगता आलं तर वेळ वाचतो: उदमांजर आणि जवादी दोघांनाही पुनुगु बेक्कु, रानमांजर काडु बेक्कु, ससा मोला, घूस हेग्गण, खार अळिलु, चिचुंद्री सोंडिली, वटवाघूळ बावली. पुनुगु बेक्कु म्हटल्यावर शेपटीवर वलयं आहेत की नाहीत हेही सांगा.

आणि एक वही ठेवा. तारीख, तिथी, वेळ, जागा, पाऊस-दव, किती बोटं, ठशाची लांबी-रुंदी, लेंडीत काय मिळालं, फोटोचा क्रमांक. तिथी यासाठी की चांदण्यात उंदीर कमी बाहेर पडतात आणि मग त्यांच्यामागचेही. नाव कळलं नसेल तर तो रकाना कोरा सोडा. दोन महिन्यांनी तीच वाट, तोच ठसा आणि सोबत एखादी लेंडी मिळाली की मागे जाऊन भरता येतो.